शोधपेटीला घरफाळा कळला पाहिजे

कोल्हापुरात तो घरफाळा, पुण्यात मिळकतकर, मुंबईत मालमत्ता कर आणि गावच्या ग्रामपंचायतीत घरपट्टी. कर एकाच जातीचा, नावे चार. तो वसूल करणाऱ्या खात्याचे नाव पुण्यात ‘करआकारणी व करसंकलन’, तर मुंबईत ‘करनिर्धारण व संकलन’. त्यात फोनवर ‘प्रॉपर्टी टॅक्स’ किंवा ‘हाऊस टॅक्स’ लिहिणाऱ्यांची भर. कोल्हापूरचे एखादे कुटुंब नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात आले, तिथे घर घेतले आणि पहिल्या वर्षीचा कर भरायला पालिकेच्या संकेतस्थळावर गेले, तर शोधपेटीत ते ‘घरफाळा’ असेच लिहिणार. संकेतस्थळाला हा शब्द ठाऊक नसेल तर उत्तर येते, ‘माहिती उपलब्ध नाही’. माहिती असते, पण ती दुसऱ्या नावाखाली असते.

समोरच्या माणसाला हे कळायला काही मार्ग नसतो. तो दोन-तीनदा शब्द बदलून पाहतो, मग ओळखीच्या कुणाला तरी फोन लावतो, नाहीतर अर्ध्या दिवसाची रजा टाकून कार्यालयात जातो. ज्याला रजा परवडत नाही तो एजंट गाठतो आणि जे फुकट मिळायला हवे त्याचे पैसे मोजतो.

महाराष्ट्रात २९ महानगरपालिका, शेकडो नगरपरिषदा व नगरपंचायती आणि सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. जन्मदाखल्यापासून नळजोडापर्यंत आणि गटार तुंबल्याच्या तक्रारीपासून विवाह नोंदणीपर्यंत, सरकार नावाच्या गोष्टीशी सामान्य माणसाचा सर्वांत जवळचा संबंध याच संस्थांमार्फत येतो. म्हणून त्यांच्या संकेतस्थळांवरचा शोध नीट चालणे ही लहान बाब नाही. हे काम वरवर संगणकाचे वाटते. खरे तर त्यातला मोठा वाटा भाषेचा आहे. नागरिकाचा शब्द आणि कार्यालयाचा शब्द यांची गाठ घालून द्यायची आहे आणि ती कशी घालायची हे जाणणारी माणसे प्रत्येक पालिकेच्या खिडकीवर आधीपासून बसलेली आहेत.

‘कर’ शोधला आणि ‘लवकर’ सापडले

शोधाची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे लिहिलेली अक्षरे जशीच्या तशी कुठे आढळतात ते पाहणे. बऱ्याच छोट्या संकेतस्थळांवर एवढेच होते. अशा ठिकाणी ‘कर’ हा शब्द घालून पाहावा. क आणि र ही अक्षरे लागून जिथे जिथे आली असतील ते सगळे समोर येते : प्राधिकरण, प्रकरण, वर्गीकरण, लवकर, नोकरभरती. शिवाय ‘कळविण्यात व सूचित करण्यात येत आहे’ असे म्हणणारी प्रत्येक जाहीर सूचना. ‘दर’ शोधला की ‘सदर’ हा शब्द असलेला प्रत्येक कागद हजर होतो आणि शासकीय पत्रव्यवहारात ‘सदर’ जवळपास पानोपानी असतो. शेकडो निकालांत कराचे पान कुठेतरी असते, पण तिथवर कुणी पोहोचत नाही.

चांगली शोधयंत्रणा वेगळ्या रीतीने चालते. जाड संदर्भग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानावर आला ते लिहिलेले असते. तशीच सूची यंत्रणा संकेतस्थळावरच्या सगळ्या मजकुराची आधीच करून ठेवते. विचारणा झाली की ती पाने चाळत नाही, सूची पाहते. सूचीत ‘कर’ आणि ‘लवकर’ हे दोन स्वतंत्र शब्द असतात, त्यामुळे वरचा घोळ होत नाही.

त्यानंतरचा प्रश्न क्रमवारीचा. केंब्रिजमधील संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये एक तत्त्व मांडले, जे आजही शोधशास्त्राच्या पायाशी आहे. जो शब्द थोड्याच कागदांत येतो, त्याचे वजन जास्त धरायचे. जो सगळीकडे येतो, त्याचे कमी. कुणी ‘महानगरपालिका श्वान परवाना’ असे लिहिले, तर ‘महानगरपालिका’ हा शब्द प्रत्येक पानावर असल्याने त्यावरून काहीच निवडता येत नाही. ‘श्वान’ मोजक्याच ठिकाणी असतो, म्हणून निकाल त्यावर ठरायला हवा.

पालिकेच्या संकेतस्थळाला एवढे पुरत नाही, कारण तिथे कागदांची सरमिसळ फार असते. ‘पाणी’ असे शोधणाऱ्याला बहुधा पाणीपट्टीचे बिल भरायचे असते, नाहीतर आज पाणी किती वाजता येणार ते पाहायचे असते. संकेतस्थळावर संख्येने सर्वांत जास्त असतात त्या मात्र जलवाहिनीच्या निविदा. यंत्रणेने केवळ शब्द मोजले तर निविदाच वर येणार. म्हणून प्रत्येक पानाला प्रकार लावावा लागतो : सेवा, तक्रार, सूचना, निविदा, ठराव, परिपत्रक. आणि सेवा नेहमी आधी दाखवावी लागते. तारखेचेही तेच. करसवलतीच्या मुदतीचे तीन वर्षांपूर्वीचे परिपत्रक यंदाच्या परिपत्रकाच्या वर दिसले तर माणसाचे नुकसान होते. जुना कागद काढून टाकायचा नाही, तो अभिलेख आहे. पण त्यावर ‘सुधारित’ किंवा ‘रद्द’ अशी नोंद हवी आणि ती शोधयंत्रणेला वाचता आली पाहिजे.

यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये ‘लुसीन’ नावाची शोधप्रणाली लिहिली आणि ती सर्वांना मोफत खुली झाली. आज जगभरची कितीतरी शोधयंत्रे तिच्यावर उभी आहेत. पैशापेक्षा इथे लक्ष जास्त लागते आणि ते मराठीकडे द्यावे लागते.

शब्द रूप बदलतो

इंग्रजीत शब्दाचे रूप फारसे बदलत नाही. शेवटी एखाददुसरे अक्षर लागते, ते काढून टाकण्याचे नियम मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्येच बांधून दिले. मराठीत शब्द आतूनच बदलतो. रस्ता, पण ‘रस्त्यावरील खड्डे’. कुत्रा, पण ‘भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त’. जमीन, पण ‘जमिनीचा’. इथे तर मी चा मि होतो. विहीर, पण ‘विहिरींची’. हिंदीत ‘पर’, ‘में’, ‘का’ बहुधा सुटे लिहितात, मराठीत ‘वर’, ‘मध्ये’, ‘चा’ शब्दाला चिकटतात आणि चिकटण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते. त्यामुळे हिंदीसाठी तयार असलेले नियम मराठीला जसेच्या तसे चालत नाहीत. ‘रस्ता’ शोधणाऱ्याला ‘रस्त्यांची दुरुस्ती’ दिसली नाही, तर यंत्रणेला मराठी व्याकरण शिकवलेले नाही एवढाच त्याचा अर्थ.

शिकवता येते. भारतीय भाषांतील शोधाचे संशोधन तपासण्यासाठी ‘फायर’ हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून मराठी त्यात होती. आयआयटी मुंबईने मराठी शब्दजाल तयार केले आहे, ज्यात समानार्थी शब्द एकत्र बांधले आहेत. शिवाय पालिकेला अख्ख्या मराठीचे व्याकरण लागत नाही. रस्ता, गटार, पाणी, नळ, दाखला, परवाना, झाड, कचरा, दिवा, फेरीवाला अशा काहीशे शब्दांची सगळी रूपे हाताने लिहून काढली तरी बरेच काम होते. प्रत्यय मात्र डोळे मिटून छाटायचे नाहीत, नाहीतर ‘करार’ आणि ‘करमणूक’ ‘कर’ मध्ये जाऊन बसायचे.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. ‘निवडणूक’ की ‘निवडणुक’, ‘नागरिक’ की ‘नागरीक’, ‘माहिती’ की ‘माहीती’, यात भल्याभल्यांची गडबड होते. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाकडून तर शुद्धलेखनाची परीक्षा घ्यायची नाही, त्याला दाखला द्यायचा आहे. उपाय सोपा आहे. सूची करताना आणि प्रश्न घेताना, दोन्ही वेळा पहिली-दुसरी वेलांटी एक धरायची, पहिला-दुसरा उकारही एक धरायचा. त्याने ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतील, हे खरे. साहित्याच्या कोशात ते चालणार नाही, पालिकेच्या संकेतस्थळावर त्याने कुणाचे अडत नाही. उरलेल्या चुकांसाठी रशियन गणिती व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ मध्ये दिलेले माप आहे : एका शब्दापासून दुसरा करायला किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचे आणि एक-दोनच लागत असतील तर ‘तुम्हाला हे म्हणायचे आहे का?’ असे विचारायचे.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲप’ मधला ‘ॲ’ संगणकात दोन रीतींनी साठवला जातो. अ लिहून वर चंद्र देता येतो किंवा २००८ मध्ये युनिकोड या अक्षरसंकेतात आलेले ‘ॲ’ हे अखंड अक्षर वापरता येते. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते निराळे. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र असाच दोन रीतींनी टंकता येतो, आणि ‘कराड’ असे लिहिणारेही आहेतच. आकडेही मराठी आणि इंग्रजी असे दोन तऱ्हांचे. ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ शोधताना कुणी आठचा आकडा मराठीत लिहितो, कुणी इंग्रजीत, कुणी ‘आठ’ असे अक्षरात. त्यातून ‘नमुना ८’ म्हणजे ग्रामपंचायतीची करआकारणीची नोंदवही आणि ‘८अ’ म्हणजे महसूल खात्याचा शेतजमिनीचा खाते उतारा. म्हणजे इथे यंत्रणेने आकड्यांच्या लिपीतला फरक विसरायचा आहे, आणि ‘अ’ मात्र विसरायचा नाही. असे बारीक निर्णय मराठी जाणणाऱ्या माणसानेच घ्यावे लागतात.

शिवाय फोनवर कितीतरी जण मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहितात. ‘पट्टी’ तला ट कुणी एकदा लिहितो, कुणी दोनदा, कुणी शेवटी आय लावतो, कुणी वाय. नेहमीच्या शब्दांची अशी रूपे सूचीत घालून ठेवली की हाही प्रश्न आटोक्यात येतो.

कागद आहे, अक्षरे नाहीत

यंत्रणा कितीही हुशार असली तरी ती वाचते ती अक्षरे. पालिकेचे पुष्कळ कागद मात्र छायाचित्रे असतात. पत्र संगणकावर टंकतात, छापतात, त्यावर सही-शिक्का होतो, मग ते स्कॅन होऊन संकेतस्थळावर चढते. माणसाला त्यात मजकूर दिसतो, यंत्राला पांढऱ्यावर काळे ठिपके. फाइलचे नाव ‘स्कॅन ००१’ आणि शीर्षक ‘जाहीर सूचना’. एकाच शीर्षकाच्या शेकडो सूचना एकाखाली एक लागलेल्या असतात. त्यातली पाणीकपातीची कोणती आणि झाडे तोडण्यावरच्या हरकतींची कोणती, हे प्रत्येक उघडल्याशिवाय समजत नाही.

जुन्या कागदांची आणखी एक गोष्ट आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी टंकनासाठी निरनिराळे फॉन्ट चालत आणि काही कार्यालयांत त्यांची सवय अजून आहे. या फॉन्टमध्ये संगणकाच्या स्मृतीत मराठी अक्षर नसतेच, इंग्रजी अक्षर असते आणि त्याला मराठी आकार दिलेला असतो. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘मराठी’ असे टंकले, तर आत साठतात ती ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे. पडद्यावर सुबक ‘मराठी’ दिसते, पण शोधयंत्रणा तो शब्द कधीच शोधू शकणार नाही, कारण तिच्या दृष्टीने तो तिथे नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये पालटणारी साधने उपलब्ध आहेत. स्कॅन केलेल्या कागदावरून अक्षरे ओळखणारी ‘टेसरॅक्ट’सारखी मोफत प्रणाली मराठीही वाचते. तिच्या चुका होतात, विशेषतः जोडाक्षरांत आणि पुसट छपाईत, पण चुकांसकट का होईना, कागद निदान सापडू लागतो.

जुन्या ढिगाऱ्याला वेळ लागेल. आजपासून चढणाऱ्या कागदांना मात्र लागण्याचे कारण नाही. मूळ युनिकोड मजकूर संकेतस्थळावर द्यावा आणि सही असलेली प्रत सोबत जोडावी. शीर्षकात विषय, भाग आणि तारीख असावी. ‘जाहीर सूचना’ ऐवजी ‘पाणीपुरवठा बंद : कोणता भाग, कोणता वार, कोणती तारीख’ असे लिहायला एक मिनिट लागते. राज्य शासनाच्या निर्णयांचा कित्ता इथे गिरवण्यासारखा आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे लिहून त्याचा संगणक संकेतांक दिलेला असतो. कागदावरचा आकडा पेटीत टाकला की नेमका तोच निर्णय समोर येतो. पालिकेच्या प्रत्येक ठरावाला आणि परिपत्रकाला असा संकेतांक मिळाला, तर नागरिकाची, पत्रकाराची आणि खुद्द कर्मचाऱ्याचीही सोय होईल.

एका वस्तूला अनेक नावे

अमेरिकेतील बेलकोर या संशोधन संस्थेत जॉर्ज फर्नस आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न घेतला होता : एकाच गोष्टीला दोन माणसे आपण होऊन एकच नाव देतील का? १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे उत्तर असे, की याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. स्वयंपाकाच्या कृतींपासून संगणकाच्या आज्ञांपर्यंत त्यांनी पाहिलेल्या सगळ्या क्षेत्रांत हेच आढळले. म्हणजे एकच ‘बरोबर’ नाव निवडून ते लोकांच्या गळी उतरवणे हा मार्गच चुकीचा. नावे कितीही असोत, सगळी स्वीकारायची आणि सगळी एकाच ठिकाणी आणून सोडायची, हा उपाय त्यांनी सुचवला.

मराठीत याची गरज अधिक, कारण आपल्याकडे कायद्याची भाषा संस्कृतप्रचुर आणि चौकातली भाषा फारसी, इंग्रजी, देशी अशा सगळ्यांची मिळून झालेली. लोक म्हणतात ‘गुमास्ता’, कायद्याचे नाव ‘दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७’. लोक म्हणतात ‘ड्रेनेज चोकअप’, खाते ‘मलनिःसारण’. लोक म्हणतात ‘कचऱ्याची गाडी आली नाही’, खाते ‘घनकचरा व्यवस्थापन’. लोक म्हणतात ‘ओसी’, कागदावर ‘भोगवटा प्रमाणपत्र’. वादळात वाकलेली फांदी तोडून हवी असेल तर जायचे ‘उद्यान’ खात्याकडे किंवा ‘वृक्ष प्राधिकरणा’कडे, कारण शहरी भागातील झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. फांदी डोक्यावर लोंबकळत असताना ‘प्राधिकरण’ हा शब्द कुणाला सुचणार?

जागांच्या नावांचेही तसेच आहे. मुंबईत पालिकेचे विभाग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. दादरकराला आपला विभाग ‘जी उत्तर’ आहे आणि अंधेरी पश्चिमेच्या रहिवाशाला आपला ‘के पश्चिम’, हे माहीत असेलच असे नाही. त्याने ‘दादर’ लिहिले की योग्य विभाग कार्यालयाचा पत्ता यायला हवा. प्रभागांचे क्रमांक तर प्रत्येक पुनर्रचनेत बदलतात. शहरांची नावे बदलली, तिथे आणखी काळजी हवी. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर येथील जुन्या अभिलेखांवर जुनी नावे आहेत आणि पुढेही राहणार. जुने किंवा नवे, कोणतेही नाव लिहिले तरी दोन्ही काळांतले कागद सापडले पाहिजेत.

अशी शब्दांची वही कोण करणार? बाहेरच्या कंपनीला ती करता येणार नाही. नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर बसणारी बाई किंवा गृहस्थ, दूरध्वनीवर तक्रारी लिहून घेणारे कर्मचारी आणि प्रभागातील आरोग्य निरीक्षक रोज हेच काम तोंडी करत असतात. कुणी ‘मयताचा दाखला’ म्हणाले की ते ‘मृत्यू प्रमाणपत्र’ समजतात, क्षणभरही अडत नाहीत. त्यांच्या डोक्यात असलेले वहीत उतरवून घेतले की शोधपेटीही तेवढी समजूतदार होते.

दाखला हवा असलेला माणूस

त्या मयताच्या दाखल्याचाच प्रवास जवळून पाहू. घरातले माणूस गेले आहे. बँक, विमा, निवृत्तिवेतन, सगळीकडे दाखला मागतात. मुलगी संकेतस्थळ उघडते. मुख्य पानावर खात्यांची यादी आहे. मृत्यूची नोंद बहुतेक पालिकांत आरोग्य खात्याकडे असते, पण मृत्यूचा दाखला ‘आरोग्य’ या नावाखाली शोधावा असे कुणाच्याही मनात येणार नाही. म्हणून ती शोधपेटीकडे वळते आणि ‘मयत दाखला’ असे लिहिते.

चांगल्या संकेतस्थळावर पहिलाच निकाल ‘मृत्यू प्रमाणपत्र मिळवणे’ असा येईल आणि त्याखाली दोन-तीन ओळींत तिला लागणारे सगळे असेल. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे होते, माणूस राहत होता तिथे नव्हे. ही एक ओळ तिची चुकीच्या कार्यालयातली खेप वाचवते. वडील रुग्णालयात वारले असतील आणि रुग्णालय शेजारच्या पालिकेच्या हद्दीत असेल, तर तिला तिकडे जावे लागणार. खबर २१ दिवसांत द्यायची असते, उशीर झाल्यास पुढची पायरी कोणती, कागद कोणते, शुल्क किती आणि अर्ज कुठे, हे त्याच पानावर असावे. ज्या निकालावर टिचकी मारल्यावर चाळीस पानी अधिनियमाची फाइल उतरते, तो निकाल तांत्रिकदृष्ट्या बरोबर असला तरी तिच्या काही कामाचा नाही.

याच न्यायाने, जे काम पालिकेचे नाही त्याचेही पान हवे. लोक पालिकेच्या संकेतस्थळावर सातबारा शोधतात, उत्पन्नाचा दाखला शोधतात, विजेचे बिल शोधतात. त्यांना सरकार एकच दिसते आणि त्यात त्यांची चूक नाही. ‘सातबारा महसूल खात्याच्या महाभूलेख संकेतस्थळावर मिळतो’, ‘उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो’ अशी एकेक ओळ आणि पुढे दुवा दिला की माणूस हेलपाटा न घालता योग्य दारी जातो. आणि कशाचाच मेळ लागला नाही, तर कोरे पान दाखवू नये. जवळचे शब्द, नेहमीच्या दहा सेवा आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक तिथे असावा. मुंबईकरांना १९१६ हा पालिकेचा क्रमांक पाठ असतो. प्रत्येक गावच्या शोधपानावर तिथला क्रमांक दिसला पाहिजे.

रिकामे गेलेले शोध

शोधपेटीत लोकांनी काय लिहिले याची नोंद यंत्रणा ठेवू शकते. ही शोधनोंद म्हणजे न मागता आलेला जनमत अहवाल आहे. लोकांना काय हवे आणि ते त्याला काय म्हणतात, या दोन्ही गोष्टी तिच्यात त्यांच्याच शब्दांत मिळतात. शिवाय शब्दांच्या वापराविषयी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी दाखवलेला नियम इथेही दिसतो : थोडे शब्द फार वेळा येतात आणि फार शब्द थोड्या वेळा. म्हणून हजारो शोधांकडे पाहून घाबरायचे कारण नाही. वरच्या पन्नासांची उत्तरे नीट लावली तरी मोठ्या संख्येने लोकांची सोय होते.

नोंदीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे रिकामे गेलेले शोध. दर महिन्याला ती यादी घेऊन बसावे आणि प्रत्येक शब्दापुढे कारण लिहावे. माहिती आहे पण नाव वेगळे, तर शब्द वहीत घालावा. माहिती आहे पण कागद स्कॅन केलेला, तर मजकूर द्यावा. माहितीच नाही, तर त्या खात्याकडून लिहून घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडावर ‘नालेसफाई’ आणि ‘धोकादायक इमारत’, मे-जूनमध्ये शाळाप्रवेश, गणपतीआधी ‘मंडप परवानगी’ आणि ‘विसर्जन हौद’, अशी मागणीची लाट ठरावीक काळाने येते. गेल्या वर्षीची नोंद हाताशी असेल तर पाने लाटेआधी तयार ठेवता येतात.

इथे एक सावधगिरी हवी. लोक पेटीत स्वतःचे नाव, मिळकत क्रमांक, फोन क्रमांकही लिहितात, म्हणून नोंद जपून ठेवावी, कुणी काय शोधले हे माणसाशी जोडू नये आणि आकड्यांचे तपशील ठरावीक मुदतीनंतर पुसावेत. लाभार्थ्यांच्या याद्या चढवताना आधार आणि फोन क्रमांक झाकावेत. कागद वाचनीय झाला की त्यातले खासगी तपशीलही शोधात सापडू लागतात. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यावर तर ही जबाबदारी अधिक स्पष्ट झाली आहे.

हे उपकार नव्हेत

शोध सुधारणे ही पालिकेची मर्जी आहे असे कुणाला वाटत असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उघडून पाहावा. त्यातले कलम ४(१)(क) सांगते, की सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख रीतसर सूचीबद्ध करावेत, माहिती मिळणे सोपे होईल अशा रीतीने त्यांची निर्देशसूची करावी. पुढच्या (ख) मध्ये स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी दिल्या आहेत आणि कायदा झाल्यापासून १२० दिवसांत त्या जाहीर व्हायच्या होत्या. कलम ४(२) चा हेतू असा, की लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी. कलम ४(४) प्रमाणे माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करायचा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक सेवा, तिची मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी यांची यादी जाहीर करावी लागते. स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेच्या २०२२ च्या कायद्याने पालिकांच्या कारभारात मराठी बंधनकारक केली. या तिन्ही कायद्यांचा अर्थ एकत्र लावला, तर मराठीत लिहिलेल्या साध्या प्रश्नाला मराठीत नेमके उत्तर मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरतो. माहिती संकेतस्थळावर ‘आहे’ एवढ्याने तो पुरा होत नाही, ती सापडली पाहिजे.

मोठ्या निविदेची वाट न पाहता काम सुरू करता येईल. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना बोलावून शब्दांची वही करावी. नव्या कागदांना युनिकोड मजकूर आणि बोलकी शीर्षके सक्तीची करावीत. वीस नेहमीचे प्रश्न निवडून, भाजीवाली, रिक्षावाला, निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी अशा लोकांसमोर फोन ठेवावा आणि त्यांना ते शोधायला सांगावे. कुणी काही सुचवू नये, फक्त पाहावे. कुठे अडते ते तासाभरात कळते. दुरुस्ती करावी आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच करावे. यंत्रणा त्यानंतर घ्यावी, म्हणजे ती कशासाठी घ्यायची हे निविदेत नीट लिहिता येईल.

या कामावर लक्ष ठेवायलाही एकच प्रश्न पुरतो. तो नगरसेवक सर्वसाधारण सभेत विचारू शकतात, ग्रामसभेत गावकरी विचारू शकतात, वार्ताहर आयुक्तांना विचारू शकतात : गेल्या महिन्यात संकेतस्थळावरचे किती शोध रिकामे गेले आणि त्यांतल्या कितींना या महिन्यात उत्तर मिळू लागले?